क, ख, ग आणि चौथी टाकी

पेट्रोल पंपावर गाडी लागली की माणसं मीटरच्या आकड्याकडे बघतात. आमचे बाबा खिशातून पांढरा गाळणकागद काढायचे. नळीच्या तोंडाशी उरलेला एक थेंब त्या कागदावर पाडायचा, कागद उन्हाकडे धरायचा आणि वाट बघायची. थेंब उडून गेला आणि मागे डाग राहिला नाही, तर पेट्रोल चोख. डाग राहिला, तर भेसळ. असा कागद पंपावर मागितला की मिळतो, तसा नियमच आहे. पण पंपावरचा कागद पंपवाल्याचा, म्हणून बाबा घरून स्वतःचा न्यायचे.

ती दोन मिनिटं मला फार आवडायची. मागचे स्कूटरवाले हॉर्न वाजवत, ई-रिक्षावाले माना बाहेर काढून बघत आणि आमचे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे बाबा एक डोळा मिटून कागदाकडे पाहत उभे. लखनौतल्या आमच्या घराजवळच्या कपूरथला चौकातल्या पंपावरचा माणूस तर रांगेला ओरडून सांगायचा, "अरे भैया, ज़रा सब्र करो, साइंटिस्ट साहब का एक्सपेरिमेंट चल रहा है."

"साइंटिस्ट नहीं," बाबा कागदावरची नजर न हलवता म्हणायचे, "टेस्टिंग."

हा फरक त्यांना महत्त्वाचा होता. मानक नगरला रेल्वेची जी संशोधन संस्था आहे, तिथे त्यांनी तीसहून जास्त वर्षं ब्रेकचे भाग तपासण्यात घालवली. नवीन भाग कुणीतरी बनवून पाठवायचा, तो चालतो की नाही हे यांनी ठरवायचं. "शोध लावणारे वेगळे," ते सांगत. "आमचं काम नापास करण्याचं. आम्ही नापास केलं नाही, तर पुढं गाडी नापास करते." वर्धा जिल्ह्यातल्या एका लहान गावातून ते या नोकरीसाठी लखनौला आले आणि इथलेच झाले. मी जन्मलो तो त्याच कॉलनीच्या क्वार्टरमध्ये. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा शहरातल्याच महानगर नावाच्या वस्तीत हे घर घेतलं. आई सहा वर्षांपूर्वी गेली. आता घरात बाबा, मी, माझी बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगी. मुलीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं.

आणि गाडी. छोटी, पांढरी, बरीच जुनी, बाबांची. मी ती अडीअडचणीला चालवायचो, एरवी तिच्यावर हक्क बाबांचा. दर रविवारी सकाळी ते दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या काकांना घेऊन मानक नगरला जात. काका म्हणजे बाबांचे संस्थेतले जुने सोबती, तेही वर्ध्याकडचेच. बायको गेलेली, मुलगा परदेशात, आणि दोन्ही डोळ्यांनी इतकं अंधूक दिसतं की माणूस आवाजावरून ओळखतात. कॉलनीतल्या लहानशा विहारात रविवारी वंदना असते. आपली वीस-पंचवीस माणसं जमतात, नंतर चहा होतो, वऱ्हाडी बोलीत दोन तास मनसोक्त बोलणं होतं. बाबांनी नेलं तर काका जात. आठवड्यात ते घराबाहेर पडत ते एवढ्याच वेळी. तुम्ही विचाराल, मी का नेत नव्हतो? रविवारी सकाळी मला झोप प्यारी होती. दुसरं कारण माझ्यापाशी नाही.

तर या गाडीचा मायलेज कमी होऊ लागला.

बाबांच्या वहीत गाडी घेतल्यापासूनची प्रत्येक टाकी नोंदलेली होती. किती किलोमीटर चालली, त्याला किती लिटर लागलं. वर्षानुवर्षं शहरात लिटरमागे सोळाच्या आसपास मिळत होते. ते पंधरा झाले, मग चौदा. बाबांनी टायरची हवा तपासली, प्लग बदलले, एअर फिल्टर झटकला. मग त्यांनी पेट्रोलला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. कपूरथल्याचा पंप त्यांच्या मते सज्जन. पण मी एकदा घाईत पुलापलीकडच्या, दुसऱ्या कंपनीच्या पंपावर टाकी भरून आणली होती आणि तेव्हापासून बाबांच्या मते गाडीची तब्येत बिघडली. त्यात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायला लागल्याचं त्यांनी वाचलं. जुन्या गाड्यांना त्यामुळे मायलेज थोडा कमी मिळतो, हे खरंही आहे. पण ते थोडंच असतं आणि सगळ्याच पंपांवर असतं, हे मी म्हटलं की बाबा म्हणायचे, "सगळ्यांकडं सारखं मिसळतात, हे तू पाह्यलं काय?"

आमच्या घरात जेवताना या विषयावर जे बोलणं झालं ते लिहून काढलं तर एक जाडजूड ग्रंथ होईल. कंपनीचं नाव बदललं म्हणून पेट्रोल बदलत नाही, बहुतेक पंपांना माल एकाच डेपोतून जातो, असं मी ऐकीव ज्ञानावर ठणकावून सांगायचो. बाबा विचारायचे, "डेपो ते पंप या रस्त्यात काय होतं?" मुलगी म्हणायची, "आजोबा, आप प्रीमियम वाला डलवा लो ना." त्यावर बाबा तिला समजावत की साध्या इंजिनाला महागडं पेट्रोल पाजून काही उपयोग नसतो, कंपनीनं गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेवढंच पुरे. म्हणजे महाग पेट्रोलवर त्यांचा विश्वास नव्हता. स्वस्त-महाग, रंग, जाहिरात, कशावरच नव्हता. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की एक पंप चांगला आणि एक वाईट आहे, आणि गाडी व ती चालवणारा दोघंही निर्दोष आहेत.

काकांचं मात्र वेगळं होतं. त्यांना दिसत नसल्यानं नाक तिखट झालं होतं. एका रविवारी घरी उतरताना ते म्हणाले, "अरे, तुझ्या गाडीत काहीतरी करपते बाप्पा. पोळी तव्यावर राह्यल्यासारखा वास येते."

"पेट्रोल खराब हाय," बाबा म्हणाले.

"पेट्रोलचा वास मला माहीत नाही काय? हा वेगळा हाय."

"तुला दिसत नाही म्हणून तू वास पाहतो," बाबा म्हणाले आणि दोघेही पोटभर हसले. मीही हसलो. हे वाक्य मी पुढे चार ठिकाणी सांगितलं.

सांगण्यावरून आठवलं. चप्पलचोराची गोष्ट त्या आधीच्या मे महिन्यातली. बाबा अमीनाबादच्या बाजारात उशांचे अभ्रे आणायला गेले होते. अर्ध्या रस्त्यापर्यंत ई-रिक्षा, मग गर्दीतून पायी. दीड-दोन तासांनी परत आले ते उजव्या पायात चप्पल आणि डावा पाय अनवाणी. "चोरली," बाबा म्हणाले. कुणी, कधी, पायातली चप्पल चोरतात कशी, याचं उत्तर नाही. चोरली म्हणजे चोरली. मला तर खजिनाच सापडला. ऑफिसात, नागपूरच्या दोन लग्नांत आणि एका बारशाला मी ती गोष्ट उभं राहून, एका पायानं लंगडत सांगितली. "आमच्या लखनौचा चोर असा अदबीचा, की तुमची एकच नेतो, दुसरी तुमच्यासाठी ठेवतो. वर म्हणतो, माफ़ कीजिएगा हुज़ूर, जोड़ी तोड़नी पड़ी." माणसं डोळे पुसत हसायची.

गोष्टीत मी एक भाग गाळत असे, कारण त्याला कुणी हसलं नसतं. त्या संध्याकाळी बायकोला बाबांच्या डाव्या तळव्यावर रुपयाएवढा फोड दिसला. मे महिन्याच्या दुपारी ते तापलेल्या रस्त्यावर अनवाणी चालले होते. "बाबा, भाजलं नाही तुम्हाला?" तिनं विचारलं. बाबा फोडाकडे असे पाहत राहिले की जणू तो दुसऱ्या कुणाच्या पायावर आहे. बाबांना शुगर आहे, बरीच वर्षं आहे. बायको मला आत बोलावून म्हणाली, "आता गाडी चालवणं बंद करा म्हणावं त्यांना."

"चप्पल आणि गाडीचा काय संबंध?" मी म्हटलं.

तरी डिसेंबरात मी एकदा विषय काढलाच. मायलेज चौदाच्या खाली आला होता आणि गेटला गाडी घासली होती. मी जमेल तितक्या हलक्या आवाजात म्हटलं, "बाबा, आता वय झालं. गाडीचं बघू या का काहीतरी?"

ते वही घेऊन आले. "हे बघ. गाडीत दोष नाही. माझ्यात दोष नाही. दोष पेट्रोलमध्ये हाय आणि ते मी सिद्ध करून दाखवतो. नाही सिद्ध झालं तर किल्ली तुझी. मग कधी विचारणार नाही."

"आणि काकांचं काय, रविवारी?"

त्यांनी वहीचं पान उलटलं आणि पट्टीनं रकाने आखायला घेतले.

चाचणीचे नियम त्यांनी संस्थेत असत तसेच केले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जसंच्या तसं. रोज सकाळची ठरलेली फेरी, रविवारी मानक नगर. हवा दर सोमवारी. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे, मोजणाऱ्याला आपण काय मोजतोय हे कळता कामा नये. "कळलं की हात आपोआप त्या बाजूला झुकतो," ते म्हणाले. म्हणून काटा लालवर आला की गाडी मी न्यायची आणि टाकी भरून आणायची. पेट्रोल तीन ठिकाणचं. कपूरथल्याचा सज्जन पंप, पुलापलीकडचा बदनाम पंप आणि तिसरा स्टेशनकडचा. कुठल्या टाकीत कुठलं भरलं ते मी चिठ्ठीवर लिहून पाकिटात बंद करायचं. बाबांच्या वहीत फक्त क, ख आणि ग.

आता माझ्या हातात असं पाकीट दिल्यावर मी काय करणार? मी पहिल्याच दिवशी ठरवलं की तिन्ही वेळा पुलापलीकडच्या बदनाम पंपावरूनच भरायचं. तोच पंप, तीच नळी. बाबा सांगतील, क उत्तम, ख बरं, ग वाईट, मग मी जेवणाच्या टेबलावर तिन्ही पाकिटं एकामागून एक उघडणार. बायकोला मी आधीच सांगून ठेवलं. ती म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाची थट्टा करू नका." पण हे म्हणताना तिलाही हसू आलं होतं.

जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. लखनौचं धुकं आलं आणि गेलं. रोज सकाळी साडेसातला बाबा मफलर गुंडाळून निघायचे, पाऊण तासानं यायचे, गाडीतच बसून आकडा लिहायचे. तिन्ही वेळा मी पुलापलीकडे जाऊन टाकी भरली आणि पाकिटावर डिंक लावताना गालातल्या गालात हसलो.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, दुपारच्या जेवणानंतर, बाबांनी निकाल वाचला. सुट्टीचा दिवस होता, सगळे टेबलाशी होतो. "क, तेरा. ख, बारा आणि थोडं. ग, बाराच्या आत." चष्मा काढून ते म्हणाले, "क त्यातल्या त्यात ठीक हाय. ख हलकं. ग मध्ये भेसळ हाय, मी लिहून देतो. उघड आता."

मी उभा राहिलो. टाळी वाजवली. मुलीला ड्रमसारखं टेबल वाजवायला लावलं. पहिलं पाकीट उघडून मोठ्यानं वाचलं, "पुलापलीकडचा पंप!" दुसरं उघडलं. "पुलापलीकडचा पंप!" तिसरं उघडायच्या आधीच मुलगी खुर्चीवरून पडायची बाकी राहिली होती. "पापा, आप ना! आजोबा, ये तो चीटिंग है!" बायको तोंडावर पदर धरून हसत होती. मी वाकून तिन्ही बाजूंना नमस्कार केला, प्रेक्षकांना करतात तसा.

बाबा हसले नाहीत. रागावलेही नाहीत. रागाला तोंड द्यायची माझी तयारी होती, त्याला उत्तर पाठ केलेलं होतं.

"तिन्ही वेळा एकच?" त्यांनी विचारलं.

"एकच."

"नळीही तीच?"

"तीच, बाबा. बघा, काही फरक नसतो पेट्रोलमध्ये."

"हवा मीच भरली. फेरी तीच. थंडी उलट कमी होत गेली." ते हे मला सांगत नव्हते. वहीच्या रकान्यांवरून त्यांचं बोट खाली उतरत होतं, तेरा, बारा, बाराच्या आत. बोट थांबलं तिथे त्यांनी ते काही वेळ दाबून धरलं. मग वही मिटून ते खोलीत गेले.

मुलगी अजून हसतच होती. बायकोचं हसू आधी थांबलं. ती माझ्याकडे बघत होती आणि मला अजून कळलं नव्हतं. कळायला मला भांडी उचलून होईपर्यंत वेळ लागला. पेट्रोल बदललं नाही. गाडी बदलली नाही. रस्ता बदलला नाही. मग आकडा महिन्यामागून महिना खाली का येत होता? चाचणीत एकच गोष्ट उरली होती, जी आम्ही कुणी वहीत लिहिली नव्हती. माझ्या थट्टेनं बाकी सगळे सुटले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला बाबा माझ्या पलंगाशी उभे. "ऊठ. चौथी टाकी तू चालव."

चौथी टाकीही त्यांनी त्याच पंपावरून भरायला लावली, या वेळी चिठ्ठी-पाकिटाशिवाय. पाच आठवडे, रोज सकाळी, तीच फेरी. मी चालवायचो आणि बाबा शेजारी बसायचे. ते रस्त्याकडे पाहत नसत. त्यांची नजर माझ्या पायांवर असायची. गिअर बदलला की माझा डावा पाय क्लचवरून उचलून बाजूला ठेवला जायचा, हे मला स्वतःलाही कधी कळलं नव्हतं. बाबा तेवढंच पाहायचे. मी दोन-तीनदा काहीतरी गमतीचं बोलायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

त्यातल्या पहिल्याच रविवारी काका मागे बसले. विहारापाशी उतरताना दरवाजा धरून थांबले, नाक वर केलं.

"आज वास नाही गाडीला. पेट्रोल बदललं काय?"

"नाही," बाबा म्हणाले. "ड्रायव्हर बदलला."

काकांनी जिकडून आवाज आला तिकडे तोंड केलं. मग त्यांनी हात पुढे केला, बाबांचा दंड चाचपून धरला आणि दोघे पायऱ्या चढले. एकाला पायरी दिसत नव्हती आणि दुसऱ्याच्या पायाला ती जाणवत नव्हती. मी मागून पाहत होतो, तेव्हा मला हे पहिल्यांदा दिसलं की बाबा डावा पाय टाकण्याआधी खाली बघतात. कधीपासून बघत असतील कुणास ठाऊक. आत वंदना सुरू झाली आणि मी बाहेर चपलांच्या ढिगापाशी उभा राहिलो. अमीनाबादची ती चप्पल कुणी चोरली नव्हती. ती ई-रिक्षात गळून पडली असणार आणि पायाला ते समजलं नव्हतं. मी वर्षभर गावोगाव जे सांगत होतो ते हेच होतं.

चौथ्या टाकीचा निकाल आला, लिटरमागे पंधरा. बाबांनी आकडा लिहिला, त्याखाली 'वास नाही' असंही लिहिलं. मग म्हणाले, "चल, शेवटची चाचणी राहिली."

गाडी पोर्चमध्ये उभी होती, इंजिन बंद. बाबा ड्रायव्हरच्या सीटवर बसले, दोन्ही चपला काढल्या आणि डोळ्यांवर स्वतःच गमछा बांधला. मला वही आणि पेन्सिल दिली. "माझा पाय उचल. हवेत जरा फिरव, म्हणजे अंदाज लागणार नाही. मग ठेव कुठंतरी. मी सांगतो कुठं हाय. तू बरोबर-चूक लिही. मला मधे सांगू नको."

मी उघड्या दरवाजाशी जमिनीवर बसलो. बाबांच्या पायांना मी शेवटचा हात लावला होता तो नमस्कारापुरता. आता घोटा हातात धरला तर तो गार होता, मे महिन्यात. तळव्यावर फोडाची खूण गुळगुळीत होऊन राहिली होती. डावा पाय मी उचलला, फिरवला, क्लचवर ठेवला.

"खाली," बाबा म्हणाले. "मॅटवर."

मी चूक लिहिली. मॅटवर ठेवला. "मॅटवर." पुन्हा क्लचवर. "मॅटवर." पाचव्या वेळी त्यांनी माझ्या पेन्सिलच्या आवाजावरूनच ओळखलं असावं. "डाव्याचं कळलं," ते म्हणाले. "पाय क्लचवर पडून राहत होता. प्लेट घासत होती. डावा मायलेज खातो. उजवा माणूस खाईल. आता उजवा घे. दहा वेळा."

उजव्याला दोनच जागा. ब्रेक, नाहीतर अॅक्सिलरेटर.

पहिल्या चार वेळा बरोबर आलं. मला इतका आनंद झाला की मी बरोबरच्या खुणा मोठ्या काढल्या. पाचव्या वेळी पाय अॅक्सिलरेटरवर होता. बाबा थोडं थांबले. "ब्रेक," म्हणाले.

पेन्सिल माझ्या हातात होती. गमछा घट्ट बांधलेला होता. घरात बायको आणि मुलगी, पोर्चमध्ये आम्ही दोघंच. मी एक खूण इकडची तिकडे केली असती तर कुणाला कळणार नव्हतं, आणि वर्षभर नुसत्या हशासाठी मी याहून मोठमोठ्या खुणा इकडच्या तिकडे करत आलो होतो. त्या एका खुणेनं त्यांची गाडी राहिली असती. काकांचा रविवार त्यांच्या हातून झाला असता. मी खाली मान घालून बसलो. बाबा घाई करत नव्हते. पाय माझ्या हातात सैल सोडून बसले होते, डॉक्टरपुढे बसतात तसे. मी चूक लिहिली.

दहा झाल्यावर त्यांनी गमछा सोडला, वही घेतली, चष्मा लावला.

"सात."

"हो."

"झालं तसंच लिहिलं ना? की याही वेळी गंमत?"

"नाही, बाबा."

ते पानाकडे पाहत राहिले. "दहापैकी नऊवाले मी परत पाठवलेत," म्हणाले. "नाशिककडचा एक कारखानदार रडला होता माझ्यापुढं. म्हणे साहेब, नऊ वेळा तर लागला ब्रेक. मी म्हटलं, दहाव्या वेळी गाडीत तू बसशील काय?"

बाबांनी चपला घातल्या. आधी खाली बघून, एकेक.

घरात गेल्यावर त्यांनी नातीला हाक मारली. "ती नखांना लावतेस ना, लाल, ती बाटली आण बरं."

"आजोबा, आपको लगानी है?" ती हसत घेऊन आली, मग आमची तोंडं बघून तिनं बाटली नुसती पुढे केली. संस्थेत जो भाग नापास व्हायचा त्यावर लाल रंगाचा पट्टा मारून तो वेगळ्या फळीवर ठेवत, म्हणजे घाईगर्दीत कुणी उचलून परत बसवू नये. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. बाबांनी गाडीची त्यांची किल्ली टेबलावर ठेवली, नेलपॉलिशचा ब्रश निथळून घेतला आणि किल्लीच्या डोक्यावर एक सरळ पट्टा ओढला. हात थोडाही हलला नाही. वाळेपर्यंत ते तिथेच बसून राहिले. मग ती किल्ली दाराजवळच्या खुंट्यांवर न टांगता त्यांच्या खोलीतल्या फळीवर, वह्यांच्या शेजारी नेऊन ठेवली.

वहीतलं शेवटचं पान मी नंतर पाहिलं. पंपांमुळे फरक आढळला नाही. इथेनॉलमुळे थोडा असेल, मोजता आला नाही. बाकी सर्व फरक चालकाचा. चालक नापास. खाली सही, जशी ते ऑफिसच्या कागदांवर करत. तारीख नव्हती, ती मी पेन्सिलीनं घातली.

डॉक्टरांनी पुढे तेच सांगितलं जे बाबांच्या वहीत होतं, शुगरमुळे पायांची जाणीव गेली आहे. मेकॅनिकनं क्लच प्लेट बदलली आणि जुनी मला दाखवली, एका बाजूनं काळी पडलेली. कपूरथल्याच्या पंपावरचा माणूस अजून विचारतो, "साइंटिस्ट साहब नहीं आए?" मागे बसलेले बाबा काच खाली करतात आणि आतूनच हात दाखवतात.

रविवारी मी उठतो. साडेसहाला चहा, सातला निघायचं, वाटेत काका. एका रविवारी मला माझी किल्ली सापडेना. बाबा खाली जाऊन गाडीपाशी उभे होते, काकांना उशीर होत होता. मी त्यांच्या खोलीत गेलो, फळीवरची किल्ली उचलली आणि धावत खाली आलो. दरवाजाला किल्ली लावणार तोच बाबांनी माझं मनगट धरलं.

"ही नाही," ते म्हणाले. "लाल पट्टी दिसत नाही काय बे?"

"बाबा, किल्ली तर तीच आहे. चालेल."

"माहीत हाय मला चालेल ते. वर जा. तुझी शोधून आण."

मी वर गेलो. माझी किल्ली कालच्या पँटच्या खिशात होती. आम्हाला पोचायला उशीर झाला, वंदना सुरू झालेली होती, आणि पूर्ण रस्ता मागच्या सीटवर दोन म्हातारे माझ्या विसरभोळेपणावर तोंडभरून बोलत आले. बाबांनी तो किस्सा विहारात चहाच्या वेळी सगळ्यांना सांगितला. उभं राहून, माझी नक्कल करत. लोक खूप हसले. मीही.